कवडीचे मोल, माणसाचे मोल

रागाच्या भरात एखाद्याविषयी आपण सहज म्हणून जातो, ‘त्याला कवडीची किंमत नाही.’ आज तुच्छतेचे माप ठरलेली ही कवडी एकेकाळी चलन होती. प्राचीन चीनमध्ये शांग राजवटीच्या थडग्यांत मृतांसोबत ठेवलेल्या कवड्या सापडल्या आहेत. संपत्ती, खरेदी आणि विक्री यांच्या पारंपरिक चिनी अक्षरांत शिंपल्याचे चिन्ह आजही दिसते.

इ.स. १३४३ च्या सुमारास प्रवासी इब्ने बतूता मालदीव बेटांवर पोहोचला आणि तेथे काझी झाला. समुद्रातून काढलेले हे जीव किनाऱ्यावरील खड्ड्यांत ठेवीत. मांस झडून गेले की पांढरे कवच उरे. त्या कवड्यांच्या बदल्यात बेटवासी बंगालचा तांदूळ घेत. तेथे सोन्याच्या एका दिनारला चार लाख कवड्या मिळत, असे तो नोंदवतो. पुढे आफ्रिकेतील माली राज्यात त्याला एका दिनारला अवघ्या १,१५० कवड्या, असा दर आढळला.

कवच तेच, मोल मात्र शेकडो पटींनी निराळे! म्हणजे मोल कवडीच्या अंगी नव्हते. ते तिच्या दुर्मीळतेत आणि ‘उद्या दुसराही ही स्वीकारील’ या परस्परविश्वासात होते. सोन्याचे आणि नोटेचेही तसेच आहे. म्हणूनच धन ही अमानत आहे; त्यात गरजूंचा हक्क आहे. धन साठवून ते मोजत बसणाऱ्याला सूरह हुमझह कठोर इशारा देते, तो याचसाठी.

या कथेला एक काळी बाजूही आहे. अठराव्या शतकात युरोपीय व्यापाऱ्यांनी मालदीवच्या कवड्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेल्या आणि त्या मोजून माणसे विकत घेतली. दोष परक्यांचा म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाही. गुलामांच्या व्यापारात मुसलमानही होते. खुद्द इब्ने बतूताच्या पदरी गुलाम होते. अल्लाहने आदमच्या संततीला सन्मान बहाल केला, ही सूरह बनी इस्राईलची शिकवण ठाऊक असलेल्यांच्या हातून हे घडले.

कवडीचे मोल माणसे ठरवतात आणि माणसेच मोडतात. माणसाचे मोल मात्र निर्मात्याने ठरवले आहे. कोणताही बाजार ते घटवू शकत नाही. कवड्यांचे चलन संपले. पण स्थळ पाहताना आधी पगार विचारणारे आणि मजुराला दाम देताना घासाघीस करणारे आपण माणसाला अजून कशाने मोजतो आहोत?