‘नाही’ कसे म्हणावे?



वीज नाही, डिझेल नाही, बैल नाही, तरी अखंड फिरणारे यंत्र कोणी आणून दिले तर आपल्या पोखर्णीत कोणाला नको आहे? हे स्वप्न जुने आहे. भास्कराचार्यांसारख्या थोर गणितज्ञानेही इ. स. ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त आपोआप फिरणारे चाक सांगितले. त्याच्या पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरायचा. पण असे चाक फिरत राहत नाही. पारा खाली येताना जेवढा जोर देतो, तेवढा वर चढताना मागून घेतो. उरलेली गती घर्षणात जाते.

तरीही असे अर्ज पेटंट कार्यालयांत येतात. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार, प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दाव्याला पेटंट मिळत नाही. म्हणजे परीक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असते. मग अर्जदाराचे ऐकून तरी का घ्यावे?

१७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने असे प्रस्ताव तपासणेच बंद केले. त्यामागे कंटाळा होता तशी कणवही होती. या नादात कुटुंबे धुळीला मिळाली, कुशल कारागिरांचा पैसा आणि उमेद वाया गेली, हे तिने पाहिले होते. आपला कायदा दुसरी वाट धरतो. अर्ज फेटाळण्यापूर्वी आक्षेप लेखी कळवावे लागतात आणि अर्जदाराला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते.

आम्हाला ही दुसरी वाट अधिक न्याय्य वाटते. ती खर्चिक आहे, त्यात इतरांचाही वेळ जातो, हे खरे. पण दार लावून घेतले तर माणसाला आपली चूक कोठे आहे ते कळत नाही. शहाणे लोक आपल्याला घाबरले, असेच तो समजतो. मात्र ऐकून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. मन राखण्यासाठी दिलेला खोटा होकार ही दया नाही. त्या कागदाच्या भरवशावर उद्या शेजारीपाजारी आपली पुंजी गुंतवतील.

आपल्या घरातही असे अर्ज येतात. मुलगा पैसे दुप्पट करणारी योजना घेऊन येतो, भाऊ जमीन गहाण टाकून धंदा करू म्हणतो. उत्तर आपल्याला ठाऊक असते. तरी त्याला जवळ बसवावे, पूर्ण ऐकावे, हिशेब मांडून दाखवावा आणि मग स्पष्ट ‘नाही’ म्हणावे. नकार त्याच्या दाव्याला असावा, त्याला नव्हे.