बहात्तर तासांतील धर्माधर्म

असुरक्षित समागमानंतर गर्भधारणा टाळण्यासाठी घ्यावयाच्या गोळीविषयी आपल्या समाजात जो संकोच आणि जो रोष आढळतो, त्याच्या मुळाशी बहुधा एकच समजूत असते : ही गोळी घेणारी स्त्री उदरातील जीवाचा घात करते. धर्मशास्त्राने भ्रूणहत्येची गणना घोर पातकांत केली असल्यामुळे ही समजूत खरी ठरती तर प्रश्न गंभीरच झाला असता. म्हणून आक्षेपकाची टवाळी न करता, शरीरात प्रत्यक्ष काय घडते ते आधी पाहणे हेच न्याय्य होय.

समागम आणि गर्भसंभव या घटना एकाच क्षणी घडतात असे आपण गृहीत धरतो, पण निसर्गाने त्यांच्यामध्ये अवकाश ठेवलेला आहे. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. स्त्रीबीज मात्र बीजकोशातून सुटल्यावर जेमतेम एक दिवस टिकते. आणि ते अद्याप सुटलेले नसेल तर या गोळीतील लेव्होनॉर्जेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची मात्रा त्याचे सुटणे लांबणीवर टाकते. बीज आधीच सुटले असेल तर तिचा बहुतांशी उपयोग होत नाही, आणि गर्भ रुजला असेल तर त्यास ती ढळवीत नाही. बहात्तर तासांची मुदत सांगतात ती यामुळेच, आणि त्या मुदतीतही गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी ती गुणकारी. चरकसंहितेने शारीरस्थानात शुक्र, शोणित आणि जीव यांचा कुक्षीत संयोग झाल्यावरच गर्भ मानला आहे. जेथे संयोगच झाला नाही तेथे घात कोणाचा झाला? तांबी या गर्भनिरोधक साधनाची गोष्ट थोडी निराळी. पाच दिवसांच्या आत गर्भाशयात बसविल्यास ती गोळीहून अधिक खात्रीची. मुख्यतः ती पुरुषबीजास निकामी करते, परंतु फलित बीजाच्या रुजण्यासही ती क्वचित अडथळा आणू शकत असल्याने, बीजफलनापासूनच जीव मानणाऱ्या श्रद्धावंताने तिचा विचार स्वतंत्रपणे करावा, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे : जीवाचा घात होवो वा न होवो, भोग घेऊन त्याचे फळ नाकारणे हाच मूळ दोष. पोप सहावे पॉल यांच्या १९६८ च्या परिपत्रकाची भूमिका याच वळणाची आहे, आणि १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्यास संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर बाईंशी बोलताना गांधीजींनीही कृत्रिम साधनांऐवजी संयमाचाच आग्रह धरला होता. संयमाचे मोल मला मान्य आहे; परंतु ज्याच्या हाती निर्णय आहे त्यालाच संयमाचा उपदेश शोभतो. जिच्यावर बलात्कार झाला, किंवा नवऱ्यापुढे नाही म्हणण्याची जिला सोयच नाही, तिला तो ऐकविणे म्हणजे एकाच्या अपराधाची सजा दुसऱ्यास फर्मावणे होय. आणि समागम स्वेच्छेने झाला, पण निरोध फाटला, अशा स्त्रीवर तरी मातृत्व दंड म्हणून लादावे काय? उद्या जन्मास येणाऱ्या मुलाला कोणाच्या प्रायश्चित्ताचे साधन करणे मला अधर्म्य वाटते. मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्व्यांनी, मातृत्व स्त्रीच्या इच्छेवर असावे हा आग्रह प्राध्यापकी गमावूनही सोडला नाही.

भारतात ही गोळी २००५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून औषधाच्या दुकानात मिळते. सरकारी आरोग्य केंद्रांत आणि आशा सेविकांकडेही तिची तजवीज आहे. ती घेतल्याने पुढे वंध्यत्व येत नाही. मात्र नित्याच्या साधनाची जागा ती घेऊ शकत नाही, आणि पाळी आठवड्याहून अधिक लांबली तर गर्भाची तपासणी करून घ्यावी. हे सारे असूनही गल्ल्यामागचा विक्रेता चारचौघांत ‘लग्न झालंय का?’ असे विचारतो, आणि मुलगी रिकाम्या हाताने परतते. असा दाखला मागण्याची मुभा त्यास कोणत्याही कायद्याने दिलेली नाही. आपली श्रद्धा त्याने आपल्या आचरणात अवश्य पाळावी. परंतु दुकानाचा परवाना त्यास लोकांच्या आरोग्यासाठी मिळालेला आहे, आणि त्याने खर्ची घातलेला प्रत्येक तास त्या मुलीच्या मुदतीतून वजा होतो. गोळी विकावयाचीच नसेल, तर ती जवळपास दुसरीकडे कोठे मिळेल एवढे तरी त्याने हळू आवाजात, त्याच क्षणी सांगावे.