दुरुस्ती की नवी मांडणी?

एखादी व्यवस्था बिघडली म्हणजे तिच्यातील दोष हुडकून तेवढाच काढावा, की ती समूळ मोडून नव्याने उभारावी, हा प्रश्न फार जुना आहे. देवालयाचा जीर्णोद्धार करणाऱ्यांस तो पडत आला, समाजसुधारकांस पडला, आणि घरोघरी संगणक आल्यापासून ज्यांस तत्त्वचर्चेचे वावडे आहे अशा गृहस्थांसही तो पडू लागला आहे. तामलवाडीसारख्या सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील गावात घरचा संगणक अडला, की जो उपाय सर्वांच्या आधी सुचविला जातो तो दोन शब्दांचा असतो : 'फॉरमॅट मारा.' म्हणजे होते नव्हते ते पुसा आणि पहिल्यापासून मांडा. हा उपाय नेहमी चुकीचा असतो असे आमचे म्हणणे नाही. परंतु तो इतक्या सहज सुचावा ह्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

उदाहरणासाठी आम्ही लिनक्स घेतो. कारण ह्या प्रणालीचे अंतरंग कोणासही उघडून पाहता येते. लिनस टॉरवाल्ड्स ह्या हेलसिंकी येथील विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला, आणि पुढे त्याभोवती अनेक संच तयार झाले. त्यांपैकी उबुंटू हा २००४ पासून निघतो. त्याची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिल महिन्यात येते, आणि तिला पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या विनामूल्य मिळतात. ही मुदत सरत आली म्हणजे गृहस्थापुढे दोन वाटा असतात. एक अपग्रेडची, म्हणजे चालत्या घरात राहूनच डागडुजी करण्याची. दुसरी सारे पुसून नवी मांडणी करण्याची.

पहिली वाट सोपी नाही. तिच्यात उडी मारता येत नाही, २०.०४ वरून २४.०४ वर जाणाऱ्यास मध्ये २२.०४ ची पायरी चढावीच लागते. बाहेरून जोडलेली भांडारे वाटेत बंद केली जातात, आणि त्यांवर विसंबलेले कार्यक्रम अडून बसतात. मध्येच वीज गेली तर काही भाग नवे, काही जुने, अशी त्रिशंकू अवस्था होते. तथापि ह्या वाटेवर एक गोष्ट अशी घडते, की जी आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते. मांडणीच्या ज्या फायलीत मालकाने पूर्वी स्वतःच्या हाताने फेरफार केला असेल, त्या फायलीपाशी संगणक थांबतो आणि विचारतो : तुमची जुनी फाईल ठेवू, की नवी घेऊ? फरक पाहावयाचा असल्यास तोही दाखवितो. आणि काहीच न बोलता मान्यतेची कळ दाबली, तर मालकाची जुनीच कायम ठेवतो. हा बदल आपण केला कशासाठी, त्याचे कारण अजून उरले आहे काय, ह्याचे उत्तर मालकाने द्यावयाचे असते. दुसऱ्या वाटेवर हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तिचे आकर्षण वेळेच्या बचतीत जितके आहे, तितकेच ह्या प्रश्नापासून मिळणाऱ्या सुटकेतही आहे.

परंतु ही सुटका खरी असते काय? लिनक्समध्ये प्रत्येक मनुष्याच्या वैयक्तिक खोडी आणि आवडीनिवडी 'होम' नावाच्या कप्प्यात, बहुधा नावाआधी टिंब असलेल्या दडलेल्या फायलींत, साठविलेल्या असतात. शहाणे लोक हा कप्पा हार्ड डिस्कच्या वेगळ्या भागात ठेवतात आणि नवी मांडणी करताना त्यास हात लावीत नाहीत. आता दोष त्या कप्प्यातच असेल तर? प्रणाली नवी, गाभा नवा. आणि प्रवेश करताच पडदा पूर्वीसारखाच काळा! ह्याची परीक्षा सोपी आहे. एक नवे खाते उघडून त्यातून आत जावे. तेथे सर्व सुरळीत चालले, तर दोष बहुतांशी आपल्या कप्प्यात आहे असे समजावे. तेथेही अडले, तर आरंभीच्या यादीतून जुना गाभा निवडून पाहावा, आणि अपग्रेडची जी नोंदवही संगणक स्वतःच लिहून ठेवतो ती वाचावी. ह्या परीक्षेस काही मिनिटे पुरतात. तरी ती करण्यापूर्वीच घर पाडावयास निघणारे पुष्कळ.

ह्यावर असा आक्षेप येईल, की सामान्य मनुष्यास बिघाडाचे कारण जाणून काय करावयाचे आहे? त्यास उद्या सकाळी अर्ज भरावयाचा आहे. आक्षेप रास्त आहे. प्रत्येकाने कारणमीमांसा करीत बसावे असा आग्रह धरणे हा रिकामटेकड्यांचा अहंकार होय. तथापि कारण न जाणण्याची किंमत नेहमी संगणकापुरतीच राहात नाही, हे ह्या जिल्ह्याने फार दुःखाने पाहिले आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, ह्या जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार माणसे घेतली. त्यानंतर बावन्न गावे दुसऱ्या जागी नव्याने वसविली गेली. इतर अनेक गावांत उभ्या घरांची दुरुस्ती आणि मजबुती करण्यात आली. ज्यांनी आपली माणसे दगडांखालून काढली, त्यांचा दगडावरचा विश्वास उडाला. ह्यात त्यांस दोष देण्याचा अधिकार कोणास आहे? परंतु अभियंत्यांनी पाहिले तेव्हा दोष निव्वळ दगडाचा नव्हता. मातीत रचलेल्या जाड भिंतींचे आतले आणि बाहेरचे पदर एकमेकांस बांधणारे आरपार दगड बहुधा नव्हते, आणि डोक्यावर माळवदाच्या मातीचे प्रचंड ओझे होते. म्हणून मजबुतीचे उपायही तसेच ठरले : आरपार दगड घालणे, माळवदाची माती कमी करणे, भिंतींना पट्ट्याने बांधणे. ज्या गावी घरच उरले नाही तेथे नवी वसाहत हाच मार्ग होता. परंतु उभ्या राहिलेल्या घरात राहणाऱ्यास 'दगड वाईट' एवढेच ज्ञान निरुपयोगी असते. 'भिंतीचे दोन पदर बांधलेले नाहीत' हे ज्ञान त्याचा प्राण वाचविते.

मग नवी मांडणी योग्य केव्हा? आमच्या मते ज्या पायावर उभे राहून दोष शोधावयाचा, त्या पायावरचाच विश्वास जेव्हा जातो तेव्हा. संगणकात परक्याने शिरकाव करून सर्वाधिकार मिळविले असतील, तर तो देईल ती साक्ष खोटी असू शकते. तेथे दुरुस्ती करणे म्हणजे चोरास पहारा सांगणे होय. तेथे सर्व पुसणे हेच शहाणपण. आवृत्ती इतकी जुनी झाली, की मधल्या पायऱ्या चालू भांडारांतून काढल्या गेल्या, तरीही तेच बरे. मात्र हार्ड डिस्कच मरणपंथास लागली असेल, तर दोन्ही वाटा निष्फळ. आधी कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत.

सारांश, मोडणे आणि दुरुस्त करणे ह्यांत एक पुण्य व दुसरे पाप असे नाही. कारण समजून मोडणारा आणि कारण टाळण्यासाठी मोडणारा, ह्यांची कृती एकच दिसते. भेद पुढच्या बिघाडाच्या वेळी कळतो. पहिल्याजवळ तेव्हा दोन ओळींचे का होईना, एक टिपण असते. दुसऱ्याजवळ कोरी डिस्क असते, आणि जुना दोष पुन्हा येण्यास तेवढी जागा पुरेशी होते.