कोपऱ्यातली गोलाई

भोसरीच्या एका कारखान्यात बारा वर्षं काढून तो एम.टेक.ला आला. गेट परीक्षेच्या जोरावर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन. घराचा हप्ता बायकोच्या पगारातून. वर्गात सगळी बावीस-तेविशीची पोरं, त्याला 'दादा' म्हणणारी.

पहिल्याच आठवड्यात सरांनी टेबलावर मोडक्या शाफ्टचा तुकडा ठेवला. "का मोडला?"

दादाचा हात सगळ्यांआधी वर. "पायरीच्या कोपऱ्याला गोलाई कमी आहे." त्याच्या कारखान्यात असेच शाफ्ट मोडायचे. भारीतलं पोलाद आणून पाहिलं, तरी मोडले. शेवटी मिस्त्रींनी कोपऱ्याचा रेडियस वाढवायला लावला आणि मोडतोड थांबली. म्हणजे जवळजवळ थांबली. वर्षाकाठी एखादा जायचाच. त्याच्यापुढे रिजेक्शनच्या वहीत 'मटेरियल खराब' लिहिलं की विषय संपायचा.

"गोलाई किती हवी?" सरांनी विचारलं.

"थोडी जास्त."

वर्ग हसला. पुढच्या बाकावरच्या मुलाने फळ्यावर हिशेब मांडला: ५० मिलिमीटरच्या शाफ्टला १ मिलिमीटर गोलाई ठेवली, तर वाकताना कोपऱ्यातला ताण सुमारे अडीचपट होतो, ५ ठेवली तर पावणेदोनपट. 'थोडी जास्त'लाही आकडा असतो, हे दादाला बारा वर्षांनी कळलं.

रात्री तो त्या मुलाच्या खोलीवर गेला. पस्तिशीच्या माणसाला असं दार वाजवणं गेटपेक्षा अवघड जातं. "मला तो हिशेब शिकव."

"शिकवतो. पण मोडलेलं तोंड कसं वाचायचं ते तुम्ही दाखवा, दादा. मी शाफ्ट फक्त स्क्रीनवर पाहिलेत."

सरांकडून मागून आणलेला तुकडा दादाने दिव्याखाली धरला. "ओहोटीनंतर वाळूवर रेघा राहतात ना, तशा या बघ. तडा रोज थोडा थोडा सरकलाय. ही खडबडीत जागा शेवटची, एका झटक्यात गेलेली. एवढीशीच आहे, म्हणजे भार फार नव्हता."

पेलवणाऱ्या भाराखालीही रेल्वेचे आस फिरून फिरून मोडतात, हे जर्मनीच्या ऑगस्ट व्होलरने १८६० च्या दशकातच प्रयोगांनी दाखवलं होतं, असं मुलगा म्हणाला. दादाने हे नाव पहिल्यांदाच ऐकलं.

"आणि तड्याची सुरुवात कुठे?"

दादाचं बोट रेघांच्या उलट्या दिशेने सरकत गेलं आणि थांबलं. कोपऱ्यावर नव्हे. त्याच्या जरा अलीकडे, ठशाने ठोकलेल्या पार्ट नंबरातल्या ७ च्या टोकाशी.

दोघंही गप्प. सकाळी हा तुकडा कोणीच हातात घेतला नव्हता.

दादाने तिथूनच फोन लावला. "मिस्त्री, आपण शाफ्टवर नंबर कुठे ठोकतो हो?"

"पायरीला लागूनच की, साहेब. तिथे घासून पुसला जात नाही, असं तुम्हीच तर सांगितलं होतंत."