शेंदराखालचं नाक

गेल्या कार्तिकात पाऊस लागून राहिला, बोळातली भिंत ओली झाली आणि आमच्या कोनाड्यातल्या मारुतीने कवच सोडलं. पहाटे दिवा लावायला गेले तर खाली शेंदराचं बोटभर जाडीचं खापर पडलेलं. उलटं करून पाहिलं. कांद्यासारखे पापुद्रे: केशरी, काळपट, तेलकट, पुन्हा केशरी. सासऱ्यांचे शनिवार, त्यांच्या वडिलांचे शनिवार, सगळे एकावर एक. वर पाहिलं तर दगडात अनोळखी चेहरा, सरळ नाक, मिटलेले ओठ. चाळीस वर्षं मी ज्याला नमस्कार केला तो हा नव्हेच.

पुण्याच्या पुतण्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. “काकू, आता काही लावू नका. हे ओरिजिनल आहे.” गुरुजी आले, त्यांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले, “येत्या शनिवारी शेंदूर चढवा. देव असा उघडा ठेवत नाहीत.”

तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला हा वाद नवा नाही. राजवाडाच घ्या. नायकांनी बांधायला घेतला, भोसल्यांनी वाढवला. कुठला चुना कोणाचा ते आता चुन्यालाच ठाऊक. पण खरा पेच पेरिय कोविलात, बृहदीश्वराच्या मोठ्या देवळात आहे. चोळ राजा राजराजाने ते 1010 च्या सुमारास पुरं केलं. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात नायकांच्या काळची चित्रं होती. 1931 मध्ये गोविंदस्वामी नावाच्या अभ्यासकाला त्यांच्या पापुद्र्याखाली चोळांची चित्रं दिसली. पुढे पुरातत्त्व खात्याने वरचा नायकी थर अलगद सोडवून वेगळ्या फळ्यांवर बसवला. काम अचाट, शंकाच नाही. पण नायकांच्या चिताऱ्यानेही तिथे भक्तीनेच हात फिरवला होता ना? त्याची भक्ती फळीवर गेली आणि चोळांची भिंतीवर राहिली. हा निवाडा कुठल्या शास्त्राने दिला?

आणि आमचे भोसले राजे सरफोजी! देवळाच्या नैर्ऋत्येच्या बाजूला भिंतीवर त्यांनी 1803 मध्ये अख्खा भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. मजकूर बाबूराव चिटणिसांचा. पाहुणे आले की मी तो अभिमानाने दाखवते. एकदा एका पोराने खिशातून किल्ली काढून शेजारच्या दगडावर स्वतःचं नाव कोरायला घेतलं. मी ओरडले, रखवालदार धावला. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून संरक्षित वास्तू विद्रूप केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोरगा घाबरून रडायला लागला. त्याची समजूत घालताना मनात आलं, आठशे वर्षांच्या देवळावर राजांनी तरी दुसरं काय केलं? आज असते तर त्यांनाही हेच कलम लागलं असतं, आणि त्यांनी कोरलेलं राखतो तोही हाच कायदा. कायद्याच्या व्याख्येत निदान 100 वर्षं लागतात. म्हणजे पाप शंभरी गाठेपर्यंत टिकलं की वारसा होतं की काय?

राजांची बाजूही सांगायला हवी. राजराजाने स्वतःच दानांच्या नोंदी त्या दगडांवर कोरवल्या होत्या. देवळाची भिंत ही तेव्हा देवासमोर उघडी ठेवलेली वही होती. 1987 साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. वहीत नवं पान लिहायची सोय त्याआधीच संपली होती.

जुन्याला हात लावायचा हा पेच आगमाने, म्हणजे देवळांच्या विधिशास्त्राने, फार हुशारीने सोडवला आहे. जीर्णोद्धार करायचा तर आधी कलाकर्षण करतात. मूर्तीतलं देवत्व मंत्राने कलशात घेतात. बाजूला बालालयम् उभारून पूजा तिथे चालू ठेवतात. मग देऊळ नुसता दगड. गवंड्याने खुशाल छिन्नी चालवावी. काम झालं की कुंभाभिषेक, देव पुन्हा घरी. 5 फेब्रुवारी 2020 ला, तब्बल 23 वर्षांनी, मोठ्या देवळाचा कुंभाभिषेक झाला तेव्हा गर्दीत मीही होते. पुरातत्त्व खात्याकडे मात्र असा कलश नाही. त्यांच्या लेखी देव दगडातून हलतच नाही. चुन्याचा कणसुद्धा पवित्र. आमच्याहून कट्टर मूर्तिपूजक तेच म्हणायचे.

हे थट्टेने लिहिते आहे, पण त्यांच्याशी माझं भांडण नाही. देवळाजवळ राहणारा माझा मावसभाऊ रोज भांडतो. हद्दीपासून 100 मीटरात नवं बांधकाम बंद, पुढच्या 200 मीटरात परवानगी लागते. त्याची वरची खोली त्यातच अडकली आहे. तरी मी नियमाच्या बाजूने आहे. तमिळनाडूतल्या कितीतरी देवळांत जीर्णोद्धाराच्या नावाने वाळूचे फवारे मारून भिंती घासल्या, शिलालेख पुसट केले. कलाकर्षण यथासांग झालं असेलही. पण हात लावण्याआधी जो थरकाप वाटायला हवा, तो ठेकेदाराच्या निविदेत नव्हता. थरकाप होता तोवर देवाची परवानगी पुरे होती. तो गेल्यावर सरकारची लागते, आणि ते योग्यच आहे.

घरात मात्र थरकाप शिल्लक आहे. सप्तशृंगीचं शेंदूरलेपन 2022 मध्ये उतरवल्यावर निघालेलं मूळ रूप पाहून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी टीव्हीवर पाहिलं. माझ्याही आलं. पण ती लाखोंची देवी, तिचा निर्णय मोठ्यांनी घेतला. माझा मारुती सहा बोटांचा. मी खापराचे दोन तुकडे पितळी डबीत ठेवले, उघड्या दगडाचे चार बाजूंनी फोटो काढले, पुतण्याला पाठवले. मग तेलात शेंदूर कालवला.

शनिवारी सकाळी गुरुजींनी पहिलं बोट लावलं, दुसरं मी. ते नाक आता दिसत नाही.