चालीवर नाव कोठे लिहावे?

परवा संध्याकाळी कल्याणहून ठाण्याला येत होतो. गाडी धीमी, ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर अशी प्रत्येक स्टेशनाची विचारपूस करीत चाललेली. गर्दीच्या उलट दिशेचा प्रवास असल्यामुळे खिडकीजवळची जागाही मिळाली होती. समोरच्या बाकावर पन्नाशीचे एक गृहस्थ मांडीवर पिशवी घेऊन स्वतःशीच गुणगुणत होते. शब्द ऐकू येत नव्हते, पण चाल ओळखीची वाटत होती. दिव्याला गाडी थांबली, जरा शांत झाले, आणि एकदम ध्यानात आले, की ही तर 'आभाळमाया' मालिकेच्या शीर्षकगीताची चाल! मौजेची गोष्ट अशी, की त्यांच्या शेजारचा विशीतला तरुणही पायाने त्याच चालीचा ठेका धरीत होता. मालिका सुरू झाली १९९९ साली. त्या वेळी हा मुलगा जन्मलाही नसेल.

मला राहवेना. मी विचारले, "चाल कोणाची हो ही?"

"सीरियलची." गृहस्थ जरा ओशाळून म्हणाले.

"सीरियलची खरी. पण केली कोणी?"

त्यांनी थोडा विचार केला. "गायली आहे देवकी पंडितांनी. केली कोणी... ते नाही बुवा सांगता यायचे." तरुण म्हणाला, "आमची आई पोळ्या लाटताना म्हणते. मला वाटायचे, तिचीच आहे."

त्या मुलाच्या उत्तराला मी हसलो, पण ते उत्तर माझ्याबरोबर ठाण्याला उतरले आणि घरापर्यंत आले.

ती चाल अशोक पत्की यांची. शब्द मंगेश कुलकर्णी यांचे. पत्कींचा जन्म १९४१ चा. सुमन कल्याणपूर यांच्या साथीला पेटीवर बसणारा हा तरुण पुढे त्यांच्यासाठी चाली करू लागला. 'केतकीच्या बनी तिथे' आणि 'नाविका रे' ही भावगीते ज्यांच्या घरात रेडिओ होता त्या सर्वांना ठाऊक आहेत. 'मोरूची मावशी' नाटकातल्या ज्या गाण्यावर अख्खे नाट्यगृह टाळ्यांनी ताल धरी, त्याची चालही त्यांचीच. जाहिरातींसाठी त्यांनी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या हजारो चाली केल्या. दूरदर्शनवर साक्षरतेच्या प्रचाराचे 'पूरब से सूर्य उगा' हे गीत लागत असे, तेही त्यांचे. पुढे 'आभाळमाया' आणि 'वादळवाट' आल्या, आणि २००६ सालच्या 'अंतर्नाद' या कोकणी चित्रपटाच्या संगीताबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका माणसाने इतक्या परींनी आपल्या कानांत घर केले, आणि आम्ही तिघे दिव्याच्या स्टेशनात त्याचे नाव शोधीत बसलो!

शीर्षकगीत ही चीज मोठी कठीण आहे. चित्रपटाचे गाणे एकदा आवडले की निभावते. मालिकेचे गाणे आठवड्यामागून आठवडे, तेच ते, दारात उभे राहते. एक-दीड मिनिटात त्याने साऱ्या कथेचा स्वभाव सांगायचा. पहिल्याच सुरात स्वयंपाकघरातल्या बाईला बाहेर बोलवायचे. आणि शंभराव्या खेपेलाही कंटाळा येऊ द्यायचा नाही. मला आठवते, मी विशीच्या उंबरठ्यावर होतो त्या वर्षी डोंबिवलीच्या गल्लीतून संध्याकाळी चालताना एका खिडकीतून ऐकू आलेली ओळ पुढच्या खिडकीत पुरी होई. गल्ली संपेपर्यंत गाणे तुटत नसे. गाडीला उशीर झालेल्या बायका त्या सुरावरून वेळ ओळखीत आणि पावले उचलीत. पडद्यावर नावेही सरकत असत. पण नावे वाचायला पडद्यासमोर बसावे लागते, आणि ही चाल तर बहुतेकांनी पाठमोरे राहूनच ऐकली. आता फोनवर मालिका पाहणाऱ्यांना शीर्षकगीत ओलांडून पुढे जाण्याचे बटणही मिळाले आहे. त्या बटणाखाली गाणे जाते, आणि नावही जाते.

एवढ्यावरून आपण लोक कृतघ्न आहोत, असा निवाडा देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण सकाळच्या गाडीतले भजनी मंडळ आठवले आणि मला दुसरेच काही सुचले. आमच्या बाजूच्या लोकलमध्ये टाळ घेऊन बसणारी ही मंडळी तुम्ही पाहिली असतील. अभंग कोणाचा, हे त्यांना कधी विचारावे लागत नाही. शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' किंवा 'जनी म्हणे' येतेच. ज्यांनी घरादारावर पाणी सोडले, देहाचाही अभिमान धरला नाही, त्या संतांनी आपल्या रचनेवर नाव मात्र ठेवले. त्यात अहंकार नव्हता. 'हे मी म्हणतो, याचा जाब मला विचारा,' अशी ती जबाबदारीची सही होती. ख्यालाच्या बंदिशीतही 'सदारंग' येतो, तो असाच.

परंतु तुकोबा असोत की सदारंग, नाव गुंफलेले असते शब्दांत. सुरांत नाव गुंफण्याची सोय कोणी केलेली नाही. षड्जापासून निषादापर्यंत सात घरे, आणि एकाही घरावर पाटी लावता येत नाही. कवी आपल्या ओळीत स्वतःला लपवून ठेवू शकतो, गवयाचा गळा हीच त्याची ओळख असते, नटाला चेहरा असतो. चाल करणाऱ्याजवळ यांपैकी काहीच नाही. त्याचे नाव दुसऱ्या कोणीतरी उच्चारले तरच उच्चारले जाते. म्हणजे या एका कलावंताचे नाव पूर्णपणे आपल्या प्रामाणिकपणावर सोडलेले आहे. खरा नैतिक प्रश्न मला येथे दिसतो.

यावर एक गोड उत्तर नेहमी दिले जाते. कर्ता विसरला जावा आणि कृती उरावी, यापरते भाग्य कोणते? जात्यावरच्या ओव्या कोणी रचल्या, हे कोणाला ठाऊक आहे? त्या मुलाला ती चाल आईची वाटली, हाच संगीतकाराचा सर्वांत मोठा पुरस्कार!

हे उत्तर मलाही पुष्कळ वर्षे आवडत असे. आता त्यात एक खोच दिसते. ओवी रचणारी बाई निनावी होती, तशी ती गाणारी आणि ऐकणारीही निनावीच होती. कोणाच्याच पदरात पैसा वा कीर्ती पडत नव्हती. मालिकेचे तसे नसते. तेथे निर्माता आहे, वाहिनी आहे, मध्येच येणारा साबण आहे, आणि ही सारी नावे आपल्या नीट लक्षात राहतात. एवढ्या नामवंतांच्या मेळाव्यात एकट्या चालवाल्याला 'तुम्ही संत व्हा' असे सांगणे फार सोयीचे आहे. त्याग ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्याच्या वतीने आपण जो त्याग करतो, त्याला व्यवहारात निराळा शब्द आहे.

कोणी म्हणेल, त्याला मेहनताना मिळाला, हिशेब मिटला. कायदासुद्धा असे मानीत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कृतीचे हक्क विकून टाकल्यावरही 'ही माझी आहे' असे म्हणण्याचा अधिकार कर्त्याजवळ ठेवला आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या कवींना व संगीतकारांना मानधनातला वाटाही राखून दिला. म्हणजे कायद्यालाही कळते, की मोबदला चुकता केला तरी नाव देणे शिल्लक राहते.

आमच्या ठाण्यातच याचे मोठे उदाहरण आहे. श्रीनिवास खळे यांचे २ सप्टेंबर २०११ रोजी ठाण्यात निधन झाले. त्यांनी मराठी चित्रपट मोजकेच केले, पण 'जय जय महाराष्ट्र माझा' या गीताची चाल त्यांची. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते राज्यगीत झाले. शाळेत मुले ते उभे राहून म्हणतात. मी एकदा वर्गात विचारले. राजा बढे हे कवीचे नाव चार-पाच मुलांनी सांगितले, शाहीर साबळे यांचे नाव बऱ्याच जणांनी सांगितले. तिसऱ्या नावापाशी वर्ग गप्प झाला. ज्या सुरावर ती रोज ताठ उभी राहतात, तो सूर करणारा याच गावात अखेरपर्यंत राहिला, हे ऐकून मुलांनी डोळे मोठे केले.

मुलांना हे सांगताना माझा आवाज थोडा चाचरला. त्याचे कारण आता सांगून टाकतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी शिकवीत होतो त्या शाळेचा रौप्यमहोत्सव होता. शाळेचे गीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. माझी पहिली कादंबरी नुकतीच प्रसिद्ध झाली होती आणि लेखक म्हणून मी थोडा हवेत होतो. मी तीन कडवी लिहिली. आठवड्यातून दोन दिवस संगीत शिकवायला कल्याणहून एक पेटीमास्तर येत, त्यांनी चाल लावली. माझे एक जड कडवे त्यांनी असे काही हलके करून घेतले, की पहिलीतली पोरेही ते धावत म्हणू लागली. स्मरणिकेची मुद्रिते मीच तपासली. छपाईवाल्याने विचारले, "गुरुजी, गीताखाली तुमचे नाव आले आहे. आणखी एक ओळ मावेल. काही घालायचे आहे?"

मी म्हणालो, "राहू द्या."

विसरलो असतो, तर आज बरे वाटले असते. मी विसरलो नव्हतो. दुसरे नाव आले की गीत अर्धेच माझे दिसेल, एवढा हिशेब त्या क्षणात मनाशी झाला होता. मास्तरांनी स्मरणिका चाळली, ते पान पाहिले, आणि "छपाई छान झाली आहे," एवढेच म्हणाले.

गेल्या दिवाळीत पहिल्या दिवशी पहाटे फडके रोडवर गेलो होतो. गणपतीचे दर्शन घेऊन नव्या कपड्यांतली तरुण मंडळी रस्ताभर उभी असतात, तो डोंबिवलीचा सोहळा ठाऊक नसेल असा माणूस इकडे विरळा. त्या गर्दीत माझे जुने विद्यार्थी भेटले. नोकरीला लागलेले, एकाच्या कडेवर मूल. गप्पांच्या भरात त्यांनी शाळेचे गीत धरले. चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाचीही चुकली नाही. माझ्या शब्दांच्या जागी मात्र सर्वांनी मिळून 'ला ला ला' घातले! मी आठवण करून द्यायला गेलो, तर दुसरे कडवे मलाही आठवेना. ज्यावर मी नाव घातले होते ते नाहीसे झाले होते. ज्यावरचे नाव मी राहू दिले, ते त्या मुलाच्या कडेवरच्या बाळापर्यंत पोहोचले होते.

यंदा शाळेने गीतांची पुस्तिका पुन्हा छापायला घेतली. मी स्वतः जाऊन गीताखाली 'चाल' असा शब्द आणि पुढे मास्तरांचे पूर्ण नाव घालून घेतले. ते कच्चे पान घेऊन कल्याणला गेलो. पारनाक्याजवळ एका जुन्या घरात मास्तर राहतात. आता ऐंशीकडे झुकले आहेत, पेटीवर अभ्रा चढलेला. मी पान पुढे केले आणि सोळा वर्षांपूर्वीचे ते 'राहू द्या' त्यांना सांगितले. सांगताना माझी नजर पेटीच्या अभ्र्यावर होती.

मास्तर बराच वेळ पान लांब धरून पाहत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, हे बरोबर नाही."

मी चमकलो. "का? नावात चूक झाली का?"

"नाव ठीक आहे. पण अंतरा माझा नाही. आमचे वडील एकादशीला जे भजन म्हणत, त्याच्या चालीतून तो उचललेला आहे. एकट्या माझे नाव घालाल, तर त्यांचे राहून जाईल."

त्यांनी माझ्याच पेनाने, थरथरत्या अक्षरांत, आपल्या नावाच्या शेजारी वडिलांचे नाव लिहिले. लिहिता लिहिता थांबले आणि स्वतःशीच पुटपुटले, "आता त्यांना ती चाल कोणी दिली होती, ते विचारायला हवे होते."

पुस्तिका दिवाळीनंतर येईल. त्या ओळीत आता दोन नावे आहेत. परतीच्या गाडीत मी ते पान पुन्हा उघडले. गीताखालचे माझे नाव पूर्वीसारखेच ठळक होते. त्या तीन कडव्यांतले शब्द मी कोणाकोणाच्या तोंडून उचलले होते, ते आठवू लागलो. ठाणे आले तरी यादी पुरी झाली नव्हती.