गीता ५.१८ – अर्धी पर्शियन पिल्लं आणि समदर्शन



आजचा श्लोक पाचव्या अध्यायातला अठरावा. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने सगळ्यात खाली ढकललेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी माणूस एकाच नजरेने बघतो, असा त्याचा भाव. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा हा श्लोक पाठ असेल. पण आमच्या ऑनलाइन वर्गात यावर बोलणं चालू असताना बीडच्या एका ताईने असा प्रश्न टाकला की पाठ असणं आणि कळणं यातलं अंतर लगेच दिसलं.

प्रश्न असा होता: "दादा, आमच्याकडे देशी मांजर आहे. शेजाऱ्यांकडे पर्शियन बोका. ते म्हणतात एकदा क्रॉस करू, पिल्लं हातोहात जातील. आजी म्हणते, जातीत भेसळ करू नये. आजीचं कारण मला पटत नाही. पण तरी काहीतरी खटकतंय, आणि नेमकं काय ते सांगता येत नाही."

आज हे 'काय खटकतंय' तेच शोधू.

आधी आजींचा मुद्दा घेऊ. मिसळ म्हणजे बिघाड, असं आपल्या मनात खोलवर बसलेलं आहे. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनही संकराची भीती घालतो. पण मांजरांच्या बाबतीत 'शुद्ध जात' ही गोष्टच किती जुनी आहे बघा. मांजर माणसाच्या सोबतीला येऊन साधारण दहा हजार वर्षं झाली. जाती ठरवणं, वंशावळी लिहिणं, बक्षिसं देणं हे मात्र गेल्या दीडशे वर्षांतलं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मोठं मांजर प्रदर्शन भरलं, तिथून हा छंद फोफावला. ते भरवणारे हॅरिसन वीअर पुढे तिथल्या मांजर क्लबचे अध्यक्ष झाले आणि नंतर त्यांनीच ते पद सोडलं. लोकांना मांजरापेक्षा पदकं प्यारी झालीत, अशी त्यांची खंत होती.

आपल्या मराठवाड्याचंच उदाहरण घ्या. देवणी बैल म्हणजे आपल्याकडचा अभिमान. ही देवणीसुद्धा गीर, डांगी आणि स्थानिक जनावरं यांच्या मिश्रणातून तयार झाली असं मानतात. म्हणजे आज जे 'अस्सल', ते काल 'मिक्स' होतं. पर्शियन आणि देशी मांजर तर एकाच प्रजातीचे. त्यांचा संबंध आला म्हणून निसर्गाचा कुठलाही नियम मोडत नाही.

संकर हा शब्द भगवंतही वापरतात, तिसऱ्या अध्यायात. पण तिथे कारण वेगळं दिलंय. मी माझं कर्म केलं नाही तर हे लोक नष्ट होतील आणि संकराला मी कारण होईन, असं ते म्हणतात. अर्जुनाला गोंधळ दिसतो रक्ताच्या मिसळीत. भगवंत तो दाखवतात जबाबदार असणाऱ्याने जबाबदारी सोडण्यात. निदान मी तरी तो श्लोक असा वाचतो. आजच्या प्रश्नाची किल्ली मला तिथेच सापडली.

आता दुसरी बाजू. नव्या पिढीत उलटा समज आहे की मिक्स म्हणजे तब्येतीला ठणठणीत. यात निम्मं तथ्य आहे. काही आजार आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतात, आणि बाहेरचं रक्त आलं की त्यांची शक्यता कमी होते. पण पर्शियन मांजरांमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा जो आनुवंशिक आजार आहे, त्याला एकाच पालकाचं जनुक पुरतं. बोक्यात ते असेल तर आई कितीही धडधाकट देशी असो, सरासरी निम्म्या पिल्लांत तो आजार उतरतो. गाठी जन्मापासून असतात, हळूहळू वाढतात आणि त्रास बहुतेकदा सातव्या वर्षाच्या आसपास दिसायला लागतो. तोवर पिल्लू विकणारा कुठे आणि पिल्लू कुठे! या आजाराची डीएनए चाचणी होते. पण क्रॉस करण्याआधी ती करून घेणारे किती जण असतील?

उलट जोडी घेतली, म्हणजे आई पर्शियन आणि बाप देशी, तर अजून एक गोष्ट आहे. मांजरांनाही रक्तगट असतात, मुख्यतः ए आणि बी. देशी मांजरं बहुतेक ए गटाची असतात, पर्शियनमध्ये बी गट बऱ्यापैकी सापडतो. आई बी गटाची आणि पिल्लं बापाच्या ए गटावर गेली, तर आईच्या पहिल्या चिकाच्या दुधातून येणारे घटक पिल्लांच्या तांबड्या पेशी फोडतात. धडधाकट जन्मलेली पिल्लं दोन-चार दिवसांत माना टाकतात. लोक म्हणतात नजर लागली. खरं तर आधी आईबापाचा रक्तगट तपासला असता तर हे टळलं असतं. आईचं दूधच विष ठरावं अशी वेळ त्या मुक्या आईवर आपल्या हौसेपायी येते.

पण समजा सगळं नीट झालं. सगळ्या चाचण्या केल्या आणि चार गुटगुटीत पिल्लं झाली. खरी परीक्षा आता सुरू होते.

लांब केस मांजरात तेव्हाच येतात जेव्हा ते जनुक दोन्हीकडून मिळतं. देशी आईकडे ते नसेल तर पर्शियन बापाची सगळीच्या सगळी पिल्लं आखूड केसांची होतात. दिसायला बरीचशी आपल्या गल्लीतल्या मांजरासारखी! आता 'हातोहात जातील' याचं काय? गिऱ्हाईक फोटो बघून विचारतं, "डॉल फेस आहे का? सेमी पंच आहे का? केस कधी वाढणार?" केस वाढणार नसतात. मग काही जण त्यातली मादी ठेवून ती परत पर्शियन बोक्याला लावतात. दुसऱ्या वेताला साधारण निम्मी पिल्लं केसाळ निघतात. ती जातात. उरलेली निम्मी आणि पहिल्या वेतातली बाकीची कुठे जातात, ते कोणी स्टेटसला टाकत नाही.

गावाकडे पोत्यात घालून मोंढ्याजवळ नाहीतर नदीपलीकडे सोडून यायची पद्धत आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. 'मांजरच ते, जगेल कसंही.' घरात गादीवर, पाकिटातलं खाऊन वाढलेलं पिल्लू कसंही जगत नाही.

एकाच आईची, एकाच दिवशी जन्मलेली चार पिल्लं. एकाच्या अंगावर केस जास्त म्हणून ते 'बेबी', आणि तिघांच्या अंगावर कमी म्हणून ती 'ब्याद'. ताई, मला वाटतं तुम्हाला जे खटकत होतं ते हे आहे. जाती मिसळण्यात दोष नाही. मिसळून झाल्यावर जी नजर लहान-मोठं करते, त्या नजरेत दोष आहे. श्लोकातल्या यादीत कुत्रा आहे, मांजर नाही, पण यादी काय तिथे संपत नाही. समदर्शन म्हणजे सगळे सारखेच दिसतात असं नव्हे. फरक दिसतो, पण त्या फरकावर कोणाच्या जीवाची किंमत ठरत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. संकरित गाईंनी दूध वाढवलं, कितीतरी घरांची चूल त्यावर चालली, हे खरंच आहे. पण संकरित गोऱ्हा झाला की घर गप्प होतं. त्याला वशिंड धड नसतं, त्यामुळे जू नीट बसत नाही, आणि आपल्याकडचं ऊनही त्याला सोसत नाही. २०१५ च्या कायद्यापासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. ते योग्य की अयोग्य हा आजचा विषय नाही. पण रस्त्यात उभी असलेली बेवारस गोऱ्ही आपण सगळ्यांनी पाहिलीत. आखणी करताना कालवडी मोजल्या, गोऱ्हे मोजलेच नाहीत. शेतकऱ्याकडे निदान पोटाचं कारण असतं. आपल्याकडे फक्त हौस असते, म्हणून आपला हिशोब जास्त कडक हवा.

भक्तिशास्त्रात एक सुंदर दृष्टांत आहे, मार्जारकिशोर न्याय. रामानुजांच्या परंपरेत पुढे दोन शाखा झाल्या, वडकलै आणि तेनकलै. पहिली म्हणते, भक्ताने माकडाच्या पिल्लासारखं आईला घट्ट धरून ठेवावं. दुसरी म्हणते, भक्त मांजराच्या पिल्लासारखा असतो. ते काहीच धरत नाही, नुसतं ओरडतं, आणि आई त्याला मानेला धरून जिथे न्यायचं तिथे नेते. शरणागती कशी असावी ते सांगताना आचार्यांना मांजराचं पिल्लू आठवलं.

आपण हा दृष्टांत नेहमी पिल्लाच्या जागी बसून ऐकतो. एकदा उचलणाऱ्याच्या जागी बसून ऐकून बघा. बोका निवडला आपण, दिवस ठरवला आपण, म्हणजे या जन्माला कारण आपण. त्या पिल्लाने काही मागितलं नव्हतं. मग ओरडल्यावर उचलायचं कोणी? आणि उचलताना चारातलं एकच उचलायचं का? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा साधा नियम आहे: जो फीचर लाइव्ह करतो, रात्री दोन वाजताचा फोन त्यानेच उचलायचा. इथे तो फोन पंधरा वर्षं येऊ शकतो, कारण घरातलं मांजर तेवढं सहज जगतं.

आता काही जण म्हणतील, "पण तिला एकदा तरी आई होऊ द्यावं ना? नसबंदी म्हणजे हिंसाच नाही का?" प्रश्न प्रामाणिक आहे. शस्त्रक्रियेत आपण तिच्याकडून काहीतरी काढून घेतो, हे मी नाकारणार नाही. पण एकदा व्यायल्याने मांजराची तब्येत सुधारते याला आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया केली तर पुढे स्तनाच्या गाठींचा धोका खूपच कमी होतो. आणि मांजर पिल्लांना पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, दोन महिन्यांत पुढचं वेत. 'एकदाच' हे आपण ठरवतो, तिला ते माहीत नसतं. अठराव्या अध्यायात म्हटलंय की आगीला जसा धूर, तसा प्रत्येक कर्माला काही ना काही दोष चिकटलेलाच असतो. दोन दोषांतला कमी दोष डोळसपणे निवडणं यालाही विवेकच म्हणतात. जे पिल्लू जन्मलंच नाही त्याला पोत्यात बसावं लागत नाही.

म्हणून ताई, माझं उत्तर असं. पाप-पुण्याचा शिक्का मी मारणार नाही, पण अटी सांगतो. बोक्याची आजाराची चाचणी आणि दोघांचे रक्तगट आधी तपासले का? चारही पिल्लांना, केस कसेही असोत, घर आधी ठरलंय का? आठ आठवड्यांच्या आत कोणालाही देणार नाही ना? दुकानांसाठीच्या २०१८ च्या नियमांतही ही मर्यादा आहे, घरच्यांनी तर ती पाळावीच. एखादं परत आलं तर दार उघडं राहील का? आणि एकही पिल्लू विकलं गेलं नाही, तरी चारही आनंदाने सांभाळाल का? पाचही उत्तरं 'हो' असतील तर तुम्ही आईच्या जागी बसायला तयार आहात. एक जरी 'नाही' आलं तर तिची शस्त्रक्रिया करून घ्या. पिल्लू हवंच असेल तर गल्लीतल्या गाडीखाली बसलेलं एखादं उचला. उपाशी मरेल अशा जागी प्राणी सोडून देणं १९६० च्या कायद्यानेही गुन्हा आहे. पण आपण कायद्याच्या भीतीने चांगलं वागायला इथे जमलेलो नाही.

शेवटी आजींसाठी एक गोष्ट. नवजात बाळांची रक्षण करणारी षष्ठीदेवी, जिला आपण सटवाई म्हणून पुजतो, तिचं वाहन मांजर आहे. आजींना विचारा, त्या मांजराची जात कोणती?

आजचा अभ्यास: दिवसभरात जो पहिला प्राणी दिसेल, त्याच्याकडे बघताना मनात 'भारी' की 'साधा' असा शब्द उमटतो का, एवढंच पाहा. बदलायला जाऊ नका, नुसतं पाहा. उद्या श्लोक एकोणीस.

राम कृष्ण हरी!